उपाशीपोटी चालणं, एल-कार्निटाइन आणि चरबी
दादा, तुमचा प्रश्न असा की सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारताच आहात, तर जिमवाला म्हणतो तसं एल-कार्निटाइनचं सप्लिमेंट घेतलं तर चरबी जास्त जळेल का. माझ्या मते तरी पैसे वाचवा. कार्निटाइन लागतं हे खरंय, फॅटी ॲसिडला, म्हणजे चरबीच्या सुट्या तुकड्यांना, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या भट्टीत, न्यायचं काम त्याचंच, पण निरोगी माणसाला त्याची टंचाई सहसा नसतेच, लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो ॲसिडांपासून शरीर ते स्वतः बनवतं, शाकाहारी लोकांचंही भागतं.

खरी भानगड गेटवर आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या तोंडाशी सीपीटी-१ नावाचं एन्झाइम असतं, तेच फॅटी ॲसिडला कार्निटाइनवर बसवतं, आणि त्याला अडवून धरतो मॅलोनिल-कोए नावाचा रेणू, हे १९७७ मध्ये मॅकगॅरी आणि फॉस्टर या संशोधकांनी लिव्हरवरच्या कामातून दाखवलं. गंमत म्हणजे हे मॅलोनिल-कोए हाच नवीन चरबी बनवायचा कच्चा माल. म्हणजे खाल्लं, इन्सुलिन चढलं, चरबी बनवणं सुरू झालं की त्याच वेळी जुनी जाळायचं गेट आपोआप बंद, नाहीतर एकीकडे बनवा आणि दुसरीकडे जाळा असा नुसता खेळ झाला असता. वर इन्सुलिन चरबीच्या पेशीतून फॅटी ॲसिड सुटणंही दाबतं ते वेगळंच. आता गेटच बंद असताना बाहेर कार्निटाइनच्या रिक्षा कितीही उभ्या करा, काय उपयोग?

गेट उघडतं ते उपाशी राहिल्याने आणि चालल्याने. स्नायू एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करतात, त्यातून उरलेलं एएमपी वाढतं, मग एएमपीके नावाचं, ऊर्जा कमी पडल्याचं ओळखणारं एन्झाइम जागं होतं आणि मॅलोनिल-कोए बनवणाऱ्या एन्झाइमलाच गप्प करतं. मग एकेका पामिटिक ॲसिडचे, म्हणजे १६ कार्बनची साखळी असलेल्या फॅटी ॲसिडचे, ७ फेऱ्यांत ८ तुकडे पडतात आणि शेवटी १०६ एटीपी हाती लागतात. फार जोरात पळालात तर मात्र स्नायू साखरेकडे वळतात, त्यामुळे बोलता येईल इतपत वेगाने चाला.

आणि हो, निघताना टपरीवरची दोन चमचे साखरेची कटिंग आणि वर खारी, याला उपाशीपोट म्हणत नाहीत हो! बिनसाखरेचा कोरा चहा चालेल. पण त्या तासाभरात फॅट जास्त जळलं म्हणून वजन उतरेलच असं नाही, दिवसभराचा हिशोब शेवटी खाण्यावरच ठरतो, संध्याकाळी दोन वडापाव झाले की बरोबरी.

शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर उपाशी चालण्याआधी डॉक्टरांना विचारा, शुगर एकदम खाली जाऊ शकते.