ओक वृक्ष तोडल्यामुळे संत बोनिफेस यांची हत्या झाली का?

प्रश्न : संत बोनिफेस यांनी जर्मन लोकांना पूज्य असलेला ओक वृक्ष तोडला आणि त्या संतापातून त्यांना ठार मारण्यात आले, असे वाचनात आले. हे खरे आहे काय?

उत्तर : दोन्ही घटना आहेत, पण त्यांची गाठ चुकीची मारली गेली आहे. मूळचे विनफ्रिड नावाचे हे इंग्लिश मठवासी 716 मध्ये धर्मप्रसारासाठी प्रथम फ्रिसियात, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनारपट्टीवर गेले आणि तेथील युद्धामुळे रिकाम्या हाती परतले. 719 मध्ये पोप दुसरे ग्रेगरी यांनी त्यांना बोनिफेस हे नाव दिले. 722 मध्ये ते बिशप झाले.

वृक्षाचा प्रसंग 723 च्या सुमाराचा, जर्मनीतील हेसे प्रांतातल्या गाइस्मार येथला. डोनार या मेघगर्जनेच्या देवाचा तो ओक कुऱ्हाडीचे थोडे घाव बसताच वाऱ्याने चार तुकडे होऊन कोसळला, असे त्यांचे चरित्रकार विलिबाल्ड सांगतात; त्या वाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. जमलेल्यांनी शिव्याशाप दिले, हात मात्र उगारला नाही. बोनिफेस यांच्यापाशी फ्रँक सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याचे संरक्षणपत्र होते, हेही विसरून चालणार नाही. त्याच लाकडातून त्यांनी संत पीटर यांच्या नावाचे प्रार्थनागृह उभारले.

मृत्यू त्यानंतर 31 वर्षांनी, 5 जून 754 रोजी, फ्रिसियातील डोकुम येथे आला. उतारवयात आर्चबिशप बोनिफेस पुन्हा तेथे गेले होते आणि नवदीक्षितांच्या दृढीकरण संस्कारासाठी (बाप्तिस्म्यानंतरचा ख्रिस्ती विधी) नदीकाठी राहुट्या ठोकून वाट पाहत होते. दीक्षितांऐवजी शस्त्रधारी आले. बोनिफेस यांनी सोबत्यांना प्रतिकार करू दिला नाही. हल्लेखोरांची नजर पेट्यांवर होती. विलिबाल्ड यांच्या कथनानुसार लुटीच्या वाटणीवरून ते आपसांतच लढले आणि उरलेल्यांनी पेट्या फोडल्या, तेव्हा सोन्याचांदीऐवजी ग्रंथ निघाले, ते त्यांनी शेतात आणि दलदलीत भिरकावले. याच बोनिफेस यांनी पूर्वी मठाधिकारिणी एडबुर्गा यांना पत्र लिहून बायबलमधील संत पीटर यांची पत्रे सोनेरी अक्षरांत लिहून मागितली होती, कारण श्रोत्यांच्या डोळ्यांत ती भरावीत.

त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जर्मनीतील फुल्डाच्या मठात पुरण्यात आला. त्याच गावी जतन केलेल्या एका हस्तलिखितावर शस्त्राचे खोल छेद आहेत. बोनिफेस यांनी घाव चुकवण्यासाठी डोक्यावर धरलेला ग्रंथ तो हाच, असे परंपरा मानते.