हत्ती वाचवायला त्याचं वागणं कशाला अभ्यासायचं?

तुम्ही विचारलंय की प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाचा हत्ती आणि इतर वन्यजीव वाचवायला खरंच उपयोग होतो का, की शिकार थांबवली आणि जंगल राखलं की काम झालं? शिवाय या क्षेत्रात उतरावं का, असंही विचारलंय.

शिकार आणि जंगल आधी, यात वाद नाही. जंगलच उरलं नाही तर वर्तन कोणाचं बघणार? पण जंगल राखूनही हत्ती मरतात, माणसं मरतात, आणि चांगल्या हेतूने केलेले उपाय अंगाशी येतात. अशा वेळी हत्ती किती आहेत हे मोजून भागत नाही. कोणते हत्ती उरलेत आणि त्यांना काय ठाऊक आहे, ते बघावं लागतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग उद्यानाचं उदाहरण घ्या. क्रूगर उद्यानात हत्ती जास्त झाले म्हणून मोठ्यांना मारत आणि काही पिल्लं दुसरीकडे नेऊन सोडत. पिलानेसबर्गला अशीच पोरकी पिल्लं गेली, जगली, वाढली. कागदावर सगळं उत्तम. मग १९९२ ते १९९७ या काळात तिथे ४०हून जास्त पांढरे गेंडे मेले, आणि मारणारे निघाले हेच तरणे नर हत्ती. एरवी आसपास थोरले नर असले की तरण्याचा माज, म्हणजे नर हत्तीला अधूनमधून चढणारा आक्रमक उन्माद, फार काळ टिकत नाही; थोरल्यासमोर तो उतरतोच. इथे दटावायला थोरला कोणी नव्हताच, त्यामुळे पोरं अकाली माजावर येत आणि दीर्घकाळ तशीच राहत. १९९८ साली क्रूगरमधून ६ थोरले नर आणून सोडले. तरण्यांचा माज आवरला, गेंडे मरायचे थांबले. रॉब स्लोटो आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात मांडलं. माजाचा अभ्यास आधी झालेला नसता तर त्या पोरांना गोळ्या घालण्यापलीकडे कोणाला काही सुचलं असतं असं मला वाटत नाही.

माद्यांच्या बाबतीत हेच वेगळ्या रीतीने दिसतं. केनियातल्या अंबोसेलीत सिंथिया मॉस यांनी १९७२ साली हत्ती एकेक करून ओळखायला सुरुवात केली. कानाच्या कडेच्या फाटी, सुळ्यांचा बाक, कोण कोणाची लेक, सगळं नोंदवून. त्या नोंदींच्या जोरावर कॅरन मॅककोम्ब यांनी कळपांना इतर हत्तिणींचे आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवले. म्होरकी वयस्क असेल तर कळपाला ओळखीचा आवाज कुठला आणि परका कुठला हे नीट कळायचं. परका असेल तरच सगळ्या जवळजवळ येऊन उभ्या राहायच्या. अशा कळपांत पिल्लंही जास्त होत होती. हा निष्कर्ष २००१चा. आता चोरटे शिकारी कोणाला टिपतात? सर्वांत मोठे सुळे असणाऱ्याला, म्हणजे बहुधा सर्वांत वयस्काला. गणनेत एक हत्ती कमी होतो, कळपाची मात्र सगळी ओळखपाळख जाते.

उपद्रवी हत्ती पकडून लांबच्या जंगलात सोडणं हा लोकांना आवडणारा उपाय. ट्रक येतो, फोटो निघतात. श्रीलंकेत पृथ्वीराज फर्नांडो यांच्या गटाने अशा नरांना कॉलर लावून माग काढला (२०१२). दोन हत्ती ज्या उद्यानात सोडले तिथेच मारले गेले, बाकी सगळे त्या उद्यानांतून बाहेर पडले. काही मूळ जागी परत आले, काही भटकत राहिले, काहींनी नव्या जागी बस्तान बसवलं. भांडण मिटलं तर नाहीच, उलट पसरलं.

मीही काही काळ हत्तींच्या चित्रफितींवरून नोंदी करायचं काम केलंय. दर दहा सेकंदांनी कान, सोंड, शेपूट, पाय कसे आहेत ते तक्त्यात भरायचं. कंटाळवाणं काम, खोटं कशाला बोलू. एका फितीत एक मादी शेताच्या कडेला उभी आहे. सोंडेचं टोक वर, हवेत इकडून तिकडे फिरतंय, आणि पुढचा एक पाय जमिनीपासून जरासा उचलून हलकेच झुलतोय. तिचं ठरत नाहीये. जायचं की नाही? शेतकऱ्याला काही करायचं असेल तर ते याच वेळी. एकदा ती पिकात शिरली की फटाके, डबे, आरडाओरडा हा नुसता तमाशा. चारदा ऐकून त्यात इजा नाही हे तिला कळतं. विजेच्या कुंपणाचंही तसंच. सुळ्यातून झटका बसत नाही हे ज्या नराला उमगलं, तो तारा सुळ्याने तोडतो.

मधमाश्यांचं कुंपण म्हणूनच मला आवडतं. ती भीती खोटी नाही. माशी डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत डसते. ल्युसी किंग यांनी केनियात आधी नुसती गुणगुण ऐकवून बघितली, तर हत्ती डोकी हलवत, धूळ उडवत पळाले. मग शेताभोवती तारेला पोळ्यांच्या पेट्या टांगल्या. हत्तीचा तारेला धक्का लागला की पेट्या हलतात. २०१७च्या अभ्यासात कुंपणाजवळ आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के हत्ती आत शिरले नाहीत. मध विकता येतो ते वेगळंच. मात्र आपल्याकडची सातेरी माशी आफ्रिकन माशीइतकी तापट नाही, तेव्हा तोच आकडा इथे मिळेल असं धरू नका.

तमिळनाडूतल्या वालपराईत तर हत्तीला अडवतच नाहीत. चहामळ्यांच्या त्या २२० चौरस किलोमीटरांत सुमारे ७०,००० माणसं राहतात आणि हत्ती ये-जा करतात. बहुतेक मृत्यू अंधारात अचानक समोरासमोर आल्याने होत होते, हे तिथे अभ्यासातून लक्षात आलं. मग लोकांना मोबाइलवर संदेश आणि कोपऱ्याकोपऱ्यावर लाल दिवे: हत्ती जवळ आहे, वाट बदला.

हत्तीच कशाला? पफिन हा समुद्रपक्षी जिथे दुसरे पफिन दिसत नाहीत तिथे उतरायला कचरतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या एका बेटावर स्टीफन क्रेस यांनी १९७३पासून पिल्लं आणून वाढवली, नंतर लाकडी पफिन उभे केले, आणि १९८१ साली पक्षी पुन्हा तिथे घरटी करू लागले.

आरशात स्वतःला ओळखणारा हत्ती वगैरे प्रयोग लोकांना फार भावतात. वाचायला मजा येते, पण शेताच्या बांधावर त्याचा उपयोग मला अजून दिसलेला नाही. वासाचं संशोधन मात्र बघा: दोन बंद बादल्यांपैकी कुठल्या बादलीत जास्त बिया आहेत हे हत्ती केवळ वासावरून ओळखतो, असं जोशुआ प्लॉटनिक यांच्या गटाने थायलंडमध्ये २०१९ साली दाखवलं. म्हणजे तुमचं पीक किती तयार झालंय हे त्याला बांधावर यायच्या आधीच कळत असणार. हत्ती हाकलायला दिवे लावून त्याचे डोळे दिपवणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा.

उतरायचं की नाही, याबद्दल: संख्याशास्त्र चांगलं हवं आणि बूड टेकून बसायची सवय हवी. हत्तीपासून सुरुवात करू नका. एखादा पाणवठा किंवा बगळ्यांची वसाहत गाठा, घड्याळ समोर ठेवा आणि अर्धा तास दर मिनिटाला एकाच पक्ष्याची नोंद करा. ‘उभा आहे’ हा शेरा लिहून हात दुखेल. आठवडाभराने त्याच ‘उभा आहे’मध्ये तीन-चार तऱ्हा दिसायला लागल्या तर पुढे जा.