ट्रेंच म्हणजे खंदक? नव्हे, मोर्चा!

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धातल्या ‘ट्रेंच’ला मराठीत ‘खंदक’ म्हणावे की ‘चर’?

किल्ल्याभोवतीचा खंदक सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. एवढेच ध्यानात घ्या की खंदक शत्रूला अडवतो. त्यात आपण उतरत नाही, तटावर उभे राहतो. फ्लांडर्समधला, म्हणजे बेल्जियम-फ्रान्सच्या सीमेवरच्या त्या रणभूमीतला, शिपाई मात्र त्या खड्ड्यातच उभा राही, जेवे आणि झोपे. काम उलटे, मग नाव तेच कसे? ‘खंदक’ थेट संस्कृत ‘खन्’ धातूपासून आला असे छातीठोक सांगणाऱ्यांनाही जरा थांबवायला हवे. शब्द अरबीतून आला, अरबीने तो पहलवीतल्या, म्हणजे इस्लामपूर्व फारसीतल्या, ‘कंदग’वरून, म्हणजे ‘खणलेले’ यावरून घेतला. इ.स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी जो खंदक खणला, त्याचा सल्लाही परंपरेनुसार सलमान नावाच्या इराण्याचाच. फारसी ‘कन्’ आणि आपला ‘खन्’ एकाच मुळाचे, म्हणजे ‘खंदक’ हा ‘खणणे’चा चुलतभाऊ. मुलगा नव्हे.

खरा शब्द आपल्याकडे पडून आहे आणि रोज त्याची विटंबना चालते: ‘मोर्चा’. कोणी तिकिटासाठी दिल्लीच्या चार वाऱ्या केल्या की बातमी येते, ‘उमेदवारीसाठी मोर्चेबांधणी’. अहो, बांधले काय? बखरींत ‘मोर्चे लाविले’, ‘मोर्चे बांधले’ असे येते, तेव्हा वेढा घालणाऱ्यांनी माती उपसून, आडोसा रचून त्यामागे माणसे आणि तोफा बसवलेल्या असतात. तो मोर्चा निघत नसे, बसत असे. तोफांचे तोंड फिरवले की ‘मोर्चा वळवला’. माझ्या मते या ‘वळवण्या’तूनच शब्दाला पाय फुटले आणि तो घोषणा देत रस्त्यावर आला.

मूळ आहे फारसी ‘मूरचाल’. ‘मूर’ म्हणजे मुंगी, ‘चाल’ म्हणजे खड्डा. मुंग्यांचे बीळ! काही जण ‘मूरचा’ म्हणजे नुसती लहान मुंगी इथेच अडतात आणि हिंदीतला गंजाचा ‘मोरचा’ही त्याच पोत्यात कोंबतात. कोश चाळणाऱ्यांनी एकदा बिळाच्या तोंडाशी वाकून पाहावे. मुंगी आतली माती बाहेर आणते आणि काठावरच रचते, म्हणून खड्डा खोल होताना कठडाही उंच होतो. नेमकी हीच ट्रेंचची रचना. (मोरपिसांचे ‘मोरचेल’ वेगळे. त्याचा मुंगीशी संबंध नाही.)

आणि ‘बांधणी’ किती अचूक! बेल्जियममधल्या ईप्रच्या आसपास दोन-तीन फूट खणले की पाणी लागे. मग उरलेली उंची पोत्यांनी वर बांधावी लागे. फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलजवळ, जिथे हिंदी फौज मार्च १९१५ मध्ये लढली, तिथेही असेच मातीचे बांध होते. उभे राहून गोळी झाडणाऱ्याला साडेचार फूट आडोसा लागतो. तो ज्या पायरीवर उभा राही ती सुमारे दोन फूट उंच. म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत साडेसहा फूट, आणि गोळी आरपार जाऊ नये म्हणून बांध किमान तीन फूट जाड. पोती बंगाली तागाची, रिकामी ३३ बाय १४ इंच. ‘वाळूची पोती’ म्हणतात खरे, पण आत बहुधा तिथलीच चिकणमाती असे, आणि ओल्या चिकणमातीत गोळी वाळूपेक्षा जास्त आत घुसते. पोते पाऊणच भरायचे. गच्च भरले तर गोल होते आणि घसरते. फावड्याने थोपटून चपटे करायचे, तोंड व शिवण मातीकडे ठेवायची, एक थर आडवा तर पुढचा उभा. गवंड्याची सांधमोड इथेही हवी, कारण सांधे एका रेषेत आले की पहिल्याच पावसात भिंत पोट काढते. चार फूट उंचीला एक फूट असा मातीकडे कलही द्यावा लागे. शिवाय सबंध रेघ नागमोडी. सरळ ठेवली तर टोकाशी शिरलेला एकच शत्रू सगळ्यांना टिपू शकतो, आणि तोफगोळा आत फुटला तर त्याचे तुकडे लांबवर जातात.

मराठी माणसाला हे परके नव्हते. तुर्कांनी इराकमधल्या कूतला घातलेल्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, आत अडकलेल्या ब्रिटिश हिंदी फौजेच्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जानेवारीत टायग्रिसला पूर आला, पुढचे मोर्चे पाण्याखाली गेले आणि तुर्कांनाही मागे सरावे लागले. तिथे ‘मोर्चा’ म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

राहता राहिला ‘चर’. तो पाणी काढायला किंवा पाइप टाकायला खणतात. मागून पुढच्या फळीकडे जाणाऱ्या, नुसत्या ये-जा करायच्या अरुंद वाटेला ‘चर’ खुशाल म्हणा. जिथे बंदूक घेऊन माणूस उभा आहे, तिथे ‘मोर्चा’च लिहा.