पाण्यामागे चालत पुणं बघ

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. अभ्यासिकेची फी, कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे दिले की हातात काही उरत नाही, म्हणून रविवार खोलीतच जातो, असं लिहिलं आहेस. पुणं बघायचं पैसे आल्यावर, असंही पुढे आहे. ते वाचून मला चैन पडेना, म्हणून लगेच लिहायला बसले. तू सदाशिव पेठेत राहतेस. लोक लांबून जे शहर बघायला येतात ते तुझ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून सुरू होतं.

तिकिटाच्या जागा आधी बाजूला काढू. केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, शनिवारवाड्याचा आतला भाग, हे सगळं पहिल्या पगारासाठी ठेव. शनिवारवाड्यासाठी तर हळहळूही नकोस. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला, राहिली ती जोती. बाहेरून तटाला सावकाश फेरी मार. पाच दरवाजे मोज. दिल्ली दरवाजावरचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत, ते त्याच्यासमोर मान वर करून उभं राहिल्यावरच कळतं.

एका दिवशी सगळं बघायला मात्र निघू नकोस. एक धागा धर आणि त्याच्यामागे चाल. मी तुला पाण्याचा धागा देते. टँकरचा हॉर्न वाजला की वर्गातून हंड्याकडे पळणारी तू. पाणी कुठून येतं आणि कुणाला मिळतं हे तुला कुणी शिकवायला नको.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळानं शहरात आणलं. नळ म्हणजे दगडाविटांचा बांधीव बोगदा, काही ठिकाणी माणूस उभा चालू शकेल एवढा. पंप नाही, काही नाही. नुसत्या उतारावर पाणी कोसभर नव्हे, कितीतरी मैल वाहत शनिवारवाड्यापर्यंत यायचं. वाटेत हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास बांधलेले होते. हे पाणी पेठांतल्या हौदांत पडायचं आणि लोक तिथून भरायचे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद, सात तोटी. यातली कितीतरी नावं आज चौकांना नाहीतर बसथांब्यांना उरली आहेत. सकाळी सातच्या आत निघ, दुकानं उघडायच्या आधी. पाट्या वाच आणि प्रत्येक नावाशी थांबून विचार, इथे हौद कुठे असेल? जवळच्या फुलवाल्याला, वाण्याला विचारायला लाजू नकोस. पुण्यातल्या माणसाला पत्ता विचारला तर तो तुटक बोलेल, पण जुन्या पुण्याबद्दल विचारलंस तर दुकान सोडून दाखवायला येईल.

चालता चालता एक प्रश्न मनात ठेव: हे पाणी खरंच सगळ्यांना होतं का? नव्हतं. अस्पृश्य मानलेल्या माणसांना या हौदांवर हात लावता येत नव्हता. म्हणून पुढचा रविवार गंज पेठेतल्या फुले वाड्यासाठी ठेव. तिथे तिकीट नाही. कौलारू घर, अंगण, विहीर आणि जोतीरावांची समाधी. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शाळेत आपण हे एका ओळीत शिकलो आणि पुढे गेलो. त्या अंगणात बसून ती ओळ परत आठव. शेजारपाजारचे काय म्हणाले असतील, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पहिला हंडा कुणी भरला असेल, याचा विचार कर. घाई करू नकोस, तिथून कुणी उठवत नाही. त्यानंतर फरासखान्याकडे ये आणि बाहुलीच्या हौदाची चौकशी कर. सत्यशोधक चळवळीतले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सगळ्या जातींना मोकळा ठेवला. मला विचारशील तर पुण्यातलं सर्वांत मोठं स्मारक हेच, आकारानं कितीही लहान असलं तरी.

पर्वती तुला पायी अर्ध्या तासावर आहे. एकशेतीन पायऱ्या. वरून शहर दिसतंच, पण खाली सारसबागेकडे बघ. तिथे पूर्वी पेशव्यांनी बांधवलेलं तळं होतं आणि मधल्या बेटावर गणपती, म्हणून जुनी माणसं अजून त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. वरच्या देवळाशी पोचलीस की १९२९ आठव. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, एस. एम. जोशी या मंडळींनी हे देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह केला आणि त्यात दगड खाल्ले. आज तू त्याच पायऱ्या कुणालाही न विचारता चढतेस.

नदीकाठचं थोडक्यात सांगते. ओंकारेश्वराच्या देवळापाशी जा, पण संध्याकाळी एकटीनं नको. त्या भागात सत्तरीपुढचं कुणी ओट्यावर बसलेलं दिसलं तर विचार, पानशेतचं पाणी तुमच्याकडे कुठवर आलं होतं? १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीलगतच्या पेठा बुडाल्या. ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. असं सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत, म्हणून हे लांबणीवर टाकू नकोस.

तुमच्या अभ्यासिकेत वर्तमानपत्रं येतातच. चालू घडामोडी वाचून झाल्या की ‘आजचे कार्यक्रम’ हे छोटं सदरही वाच. व्याख्यानं, चित्रप्रदर्शनं, पुस्तक प्रकाशनं. ‘प्रवेश विनामूल्य’ असं लिहिलेलं काहीतरी रोज असतं. तुझ्याच पेठेत १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, त्यांच्या व्याख्यानांवर लक्ष ठेव. मागच्या रांगेत बस, वही ने. परीक्षेला उपयोग होईल म्हणून जाऊ नकोस. झाला तर होऊ दे.

बाटली मेसमध्येच भरून घे, दुपारी देवळं बंद असतात ते लक्षात ठेव, आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात हे सगळं बंद.

एक जागा पाण्याच्या धाग्यात नीट बसत नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोमवार पेठेत नागझरी ओढ्याच्या काठी त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसाव्यांनी काम सुरू केलं. गणपतीला तीन सोंडा आणि बसायला मोर. तिथे संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे, आणि तळघर गुरुपौर्णिमेला उघडतात. पण तू आधी बाहेरची दर्शनी भिंत बघ. साखळदंडानं गेंडा बांधणारा इंग्रज शिपाई तिथे कोरलेला आहे. पेशव्यांच्या पुण्यात गेंडा कशाला आला, याचा संबंध काही अभ्यासक प्लासीच्या लढाईशी आणि बंगालशी जोडतात. तो गेंडा भिंतीवर नेमका कुठे आहे ते मी सांगणार नाही. तूच शोध, आणि तुला त्याचा काय अर्थ लागला ते पुढच्या पत्रात लिही.

तुझ्या
बाई