आयनिक द्रव की आयनिक द्रावण?

औषध कारखान्याच्या सांडपाण्यातून आयसोप्रोपिल अल्कोहोल हे द्रावक (इतर पदार्थ विरघळवणारा द्रव) वेगळे काढण्याविषयी मराठीत लिहिताना ‘आयोनिक लिक्विड’ला ‘आयनिक द्रावण’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते म्हणू नये; ‘आयनिक द्रव’ असेच लिहावे.

‘द्रव’ आणि ‘द्रावण’ हे दोन्ही शब्द ‘द्रु’ धातूचेच, पण शास्त्रीय मराठीत त्यांची कामे वेगळी आहेत. साखर चहात विरघळते तेव्हा द्रावण होते. तीच साखर कोरड्या पातेल्यात मंद आचेवर वितळते तेव्हा पाण्याचा थेंबही न घालता द्रव मिळतो. समुद्राच्या पाण्यातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, विरघळलेले असतात, आयनिक द्रव मात्र वितळलेला क्षार (मिठासारखा, आयनांचा बनलेला पदार्थ) असतो आणि त्यात आयनांखेरीज काहीही नसते. जेवणातले मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस तापमान लागते. पण ज्यांचे आयन मोठे आणि बेढब असल्याने स्फटिकात नीट बसत नाहीत, असे क्षार 100 अंशांच्या आतच वितळतात. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये वर्णन केलेले एथिलअमोनियम नायट्रेट तर सुमारे 12 अंशांनाच वितळते.

हा भेद प्रस्तुत विषयात फारच महत्त्वाचा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचे ऊर्ध्वपातन करत गेल्यास, म्हणजे मिश्रण उकळून वाफ वेगळी थंड करत गेल्यास, अल्कोहोल वजनाने सुमारे 88 टक्के झाल्यावर वाफेतले आणि द्रवातले प्रमाण सारखेच होते, आणि मग कितीही उकळले तरी उरलेले पाणी सुटत नाही. पाण्याला धरून ठेवणारा आयनिक द्रव मिसळला, की अल्कोहोल वाफेने वर निघून जाते. स्वतः जवळजवळ न उडणारा तो द्रव पाण्यासह तळाशी राहतो आणि पाणी उडवून पुन्हा वापरता येतो. याच कामासाठी सायक्लोहेक्झेन हा सहज उडणारा द्रव घातला, तर त्याचीही वाफ करावी लागते. ती उष्णता येथे वाचते. अशा ठिकाणी ‘द्रावण’ लिहिले, तर पाणी काढण्यासाठी पाणीच ओतले, असा वाचकाचा समज होईल.

‘सेपरेशन’साठी ‘पृथक्करण’ मला येथे नको वाटते, कारण वाक्यपृथक्करण शिकलेल्या वाचकाला ‘सांडपाण्याचे पृथक्करण’ म्हणजे त्यातील घटकांची तपासणी वाटेल. ‘विलगीकरण’ 2020 च्या साथीपासून रुग्णाशी जोडले गेले आहे. म्हणून ‘आयनिक द्रवाच्या साहाय्याने सांडपाण्यातील द्रावक वेगळे काढणे’ असे मी लिहीन.