द्वार्नने : सार्डिनच्या जिवावर वाढलेले बंदर

प्रश्न : फ्रान्सच्या नकाशात ब्रिटनीच्या पश्चिम टोकाला ‘दुआर्नेनेझ’ असे नाव वाचले. याचा खरा उच्चार काय, अर्थ काय आणि हे बंदर किती जुने आहे?

उत्तर : फ्रेंच लोक या नावाचा उच्चार ‘द्वार्नने’ असा करतात, शेवटचा ‘झ’ लिहिला जातो, उच्चारला जात नाही. नाव मुळात ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीच्या स्थानिक भाषेतले आहे. ‘दुआर आन एनेझ’ म्हणजे बेटाची जमीन, आणि हे बेट म्हणजे किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले त्रिस्तां. आज आपण ज्याला द्वार्नने म्हणतो ते फिनिस्तेर जिल्ह्यातले शहर १९४५ मध्ये द्वार्नने, प्लोआरे, पूल्दाव्हिद आणि त्रेबूल या चार गावांच्या एकत्रीकरणातून तयार झाले, त्यामुळे तेथील जुनी माणसे अजूनही स्वतःला त्रेबूलची किंवा प्लोआरेची म्हणवून घेतात, याचे नवल वाटू नये.

या किनाऱ्यावरचा मासळीचा धंदा मात्र गावाच्या नावाहून कितीतरी जुना आहे. गावाच्या पूर्वेकडील प्लोमारच्या उतारावर रोमन काळातील दगडी हौद उघडे केलेले आहेत. या हौदांत मासे आणि मीठ यांचे थरावर थर रचून ते अनेक आठवडे मुरू देत आणि त्यातून ‘गारुम’ नावाचे खारट, उग्र वासाचे कालवण निघे, जे रोमन साम्राज्यात दूरवर विकले जाई. हौदाच्या काठाशी उभे राहून खाली पाहिले की लगेच समुद्र दिसतो; मासे उतरवायचे, खारवायचे आणि माल पुन्हा त्याच पाण्यावरून रवाना करायचा, ही सोय ज्याने हेरली त्याच्या नजरेचे मला फार कौतुक वाटते.

मध्ययुगानंतरची एक घटना सांगायलाच हवी. फ्रान्समधील कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या धर्मयुद्धांच्या धामधुमीत गी एदेर द ला फोंतनेल या लुटारू सरदाराने १५९५ मध्ये त्रिस्तां बेट बळकावले आणि तटबंदीला दगड हवे म्हणून द्वार्ननेतली घरे पाडली. तेथून त्याने आजूबाजूचा मुलूख अनेक वर्षे नागवला. अखेर १६०२ मध्ये पॅरिसमध्ये त्याला चाकावर हाडे मोडून देहदंड देण्यात आला.

प्रश्न : पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका हातात हात गुंफून रस्त्यावरून चालल्या आहेत, असे एक जुने छायाचित्र पाहिले. खाली ‘द्वार्नने, १९२४’ एवढेच होते. या बायका कोण?

उत्तर : त्या सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगार बायका, म्हणजे ‘पेन सार्दीन’ होत. ब्रेटन भाषेत याचा अर्थ सार्डिनचे डोके. कारखान्यात केस मासळीत पडू नयेत म्हणून त्या जी घट्ट बसणारी छोटी पांढरी टोपी घालत, तिच्याशी हे नाव जोडले गेले आणि पुढे गावातील सगळ्याच बायकांना चिकटले. या छायाचित्रामागची हकीकत कळल्याशिवाय द्वार्नने समजत नाही, असे माझे ठाम मत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सार्डिन पकडण्याची तेथील पद्धत मोठी कौशल्याची होती. दोन डोलकाठ्यांच्या होड्या खाडीत जात. नाखवा मागच्या बाजूला उभा राहून पाण्यात ‘रोग’, म्हणजे नॉर्वेहून पिंपांतून येणारी कॉड माशाची खारवलेली गाबोळी, मुठीमुठीने फेकी. आमिषाला भुलून सार्डिनचा थवा वर येई आणि पाण्यात दिसू नये म्हणून निळ्या रंगात रंगवलेल्या तलम सुती जाळ्यात अडके. होड्या परतल्या की ही जाळी डोलकाठ्यांवर चढवून वाळत घालत आणि सगळे बंदर निळ्या धुक्याने भरल्यासारखे दिसे. सार्डिन मात्र काही तासांत खराब होते. म्हणून होड्या दिसताच गल्लीबोळांतून हाकारे पडत आणि दिवस असो वा रात्र, बायका हातातले काम टाकून कारखान्याकडे धावत.

पूर्वी हे मासे दाबून पिंपांत भरले जात. तेलातल्या डबाबंद सार्डिनचा पहिला कारखाना येथे १८५३ मध्ये निघाला आणि तेव्हापासून गाव झपाट्याने वाढले. सुरीच्या एका फटक्यात डोके आणि त्याबरोबर आतडी काढायची, मासा मिठाच्या पाण्यात ठेवायचा, धुवायचा, तारेच्या जाळीवर उभा रचून वाळवायचा, उकळत्या तेलातून काढायचा आणि डब्यात शेपटीला डोक्याची बाजू लावून घट्ट बसवायचा, ही सगळी कामे बायकांची. बारा वर्षांच्या मुलीही होत्या आणि सत्तरीच्या आज्याही. झोप येऊ नये म्हणून त्या रात्रभर भजने आणि गाणी म्हणत. १९०५ च्या संपापर्यंत मजुरी हजार माशांच्या हिशेबाने मिळे. त्या संपानंतर ती तासावर आली. आठ तासांच्या दिवसाचा कायदा १९१९ मध्ये झाला, पण मासळी आल्यावर तो येथे कोणी पाळत नसे.

१९२४ मध्ये बायकांना तासाला ८० सान्तीम मिळत होते (शंभर सान्तीमचा एक फ्रँक). २१ नोव्हेंबरला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात काम थांबले आणि काही दिवसांत सगळे कारखाने बंद पडले. मागणी होती सव्वा फ्रँकची. ब्रेटन बोलीत पंचवीस सान्तीमला एक रेआल आणि म्हणून सव्वा फ्रँकला पाच रेआल म्हणत, म्हणून मोर्चात घोषणा होती ‘पेम्प रेआल आ वो’, म्हणजे ‘पाच रेआल होणारच’. द्वार्ननेने १९२१ मध्येच कम्युनिस्ट महापौर निवडला होता; संपाच्या वेळचे महापौर दानिएल ल फ्लांशेक उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १ जानेवारी १९२५ रोजी बाहेरून आणलेल्या संपफोड्यांनी एका कॅफेत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते जखमी झाले, वाचले, आणि त्या गोळीबाराने मालकांची बाजू पार कोसळली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात समझोता झाला. बायकांना तासाला एक फ्रँक, जादा आणि रात्रीच्या कामाला वाढीव दर, आणि संपात भाग घेतल्याबद्दल कोणालाही कामावरून काढणार नाही, अशी हमी मिळाली.

यापुढचा प्रसंग मला संपाइतकाच मोलाचा वाटतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जोझेफीन पांकाले ही कारखान्यातली कामगार विधवा नगरपालिकेवर निवडून आली. फ्रान्समध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ मध्ये मिळाला. त्याच्या एकोणीस वर्षे आधी पुरुषांनी दिलेल्या मतांवर ती नगरसेविका झाली होती. तिने काही महिने सभांना हजेरी लावली आणि नोव्हेंबरमध्ये, स्त्री असल्याच्या कारणावरून, तिची निवडणूक रद्द ठरवण्यात आली.

प्रश्न : द्वार्ननेच्या खाडीत एक शहर बुडालेले आहे, हे खरे काय?

उत्तर : ती दंतकथा आहे. समुद्रसपाटीच्या खाली वसलेल्या ईस नगरीचा राजा ग्राद्लों, त्याची मुलगी दाहूत आणि बांधाच्या दरवाजाची चोरलेली किल्ली यांची ती गोष्ट आहे. दरवाजा उघडला, समुद्र आत आला आणि राजा तेवढा घोड्यावरून निसटला, असे सांगतात. जवळच्या कँपेर शहराच्या कॅथेड्रलवर, दोन मनोऱ्यांच्या मध्ये, हा घोडेस्वार राजा दगडात उभा आहे.

प्रश्न : हाताशी दीड दिवस असेल तर काय पाहावे?

उत्तर : रेल्वे कँपेरपर्यंत जाते, पुढे रस्त्याने यावे लागते. पहिल्या दिवशी रोस्मर बंदराच्या धक्क्यावरून सुरुवात करावी. रंगीत घरांची ओळ आणि मागच्या अरुंद, चढत्या गल्ल्या पाहिल्या म्हणजे हाकारे कुठून कुठे जात असतील याची कल्पना येते. तेथूनच किनाऱ्याची पायवाट प्लोमारच्या हौदांकडे जाते. पूर्वी जकातीचे पहारेकरी गस्त घालत ती ही वाट. दुपार पोर-रू येथील नौका संग्रहालयासाठी राखावी, कारण तेथे काही होड्या इमारतीत आणि काही प्रत्यक्ष पाण्यात उभ्या असून त्यांवर चढून आतली अडगळ, दोर आणि झोपण्याच्या फळ्या जवळून पाहता येतात. घाई करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लोआरेला चढून जावे. तेथील चर्चचा उंच मनोरा दुरून दिसतो. गावच्या दफनभूमीत स्टेथोस्कोपचा शोध लावणारे डॉक्टर रने लाएनेक यांची कबर आहे. कँपेरला जन्मलेले लाएनेक क्षयाने खंगून याच परिसरातल्या आपल्या घरी १८२६ मध्ये वारले. परतताना एखाद्या बेकरीत ‘क्विन्यमान’ अवश्य घ्यावा. पावाच्या कणकेत लोणी आणि साखर यांच्या घड्या घालून भाजलेला हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात याच गावात जन्मला असे मानतात. तो गरम असतानाच खावा, कारण थंड झाला की वरची साखर दातांना चिकटते.

त्रिस्तां बेटावर मोठ्या ओहोटीच्या वेळी पायी जाता येते, पण वाट सर्व दिवस खुली नसते. म्हणून बेट पाहायचे असेल तर आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि पर्यटन कार्यालयाने जाहीर केलेले दिवस पाहून मगच प्रवासाची तारीख ठरवावी, आणि बेटावर गेल्यावर पाणी चढू लागण्याच्या बरेच आधी परत फिरावे.