ग्रीक पुराणकथेत क्रीट बेटावरच्या भूलभुलैयात शिरलेला वीर थीसियस दोऱ्याच्या आधाराने बाहेर येतो. पण या भूलभुलैयाच्या चित्रात एकच वाट असते, मग थीसियसला दोरा कशाला लागला?

कारण कथेतला भूलभुलैया आणि चित्रातला भूलभुलैया एक नाहीत. क्रीटमधल्या क्नॉसस शहराच्या प्राचीन चांदीच्या नाण्यांवरची आकृती बोटाने गिरवून पाहा. कुठेही फाटा फुटत नाही, सात वेढे घेऊन वाट मध्याशी पोहोचते; चुकायला जागाच नाही. उलट रोमन कवी ओव्हिडने ‘मेटामॉर्फोसेस’च्या आठव्या भागात वर्णन केलेली वास्तू इतकी फसवी आहे, की ती बांधणारा डीडलस स्वतःच कसाबसा उंबऱ्यापर्यंत परत येतो. राजकन्या एरिआड्नीने थीसियसला दिलेल्या दोऱ्याची गरज आहे ती तिथे.

म्हणून प्रतीकंही दोन. फाट्यांच्या वास्तूतून भ्रम आणि निवडीची भीती दिसते. एकाच वाटेच्या आकृतीत मात्र कस लागतो तो धीराचा: मध्याला अगदी खेटून गेलेली वाट पुन्हा दूर सरकते आणि मगच आत शिरते. मला हा अर्थ जास्त खोल वाटतो. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये फरशीवर अशीच, पण 11 वेढ्यांची आकृती आहे. आपल्याकडे हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूचा चक्रव्यूहही याच धाटणीने कोरलाय.

एक लक्षात ठेवा: ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी 1900 पासून क्नॉससला उत्खनन केलं, त्यात असंख्य खोल्यांचा गुंतागुंतीचा राजवाडा सापडला, भूलभुलैया नाही. त्या राजवाड्यावरूनच ही कथा निघाली, असं बरेच जण ठामपणे लिहितात, पण तो तर्क आहे, पुरावा नव्हे.